यीस्ट इन्फेक्शन: मेडिकलमध्ये जाण्याआधी हे वाचा

खाली खाज सुटते, अंगावरून पांढरं जायला लागतं, लघवीला बसलं की चुरचुरतं. दोन दिवस कुणाला सांगवत नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रीण एका गोळीचं नाव सांगते, मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो आणि प्रकरण संपल्यासारखं वाटतं. पुष्कळ जणींचं खरंच तिथेच संपतं. ज्यांचं संपत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होतं, त्यांच्यातली मी एक. त्या फेऱ्यांत जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे नेमकं काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि घरी काय टाळायचं, एवढ्यासाठी हा लेख.

१. आधी ठरवा: हे यीस्टच आहे का?

यीस्ट म्हणजे इथे कॅन्डिडा नावाची बुरशी. ती आपल्या अंगावर आणि योनीमार्गात एरवीही थोडीफार राहते. साधारण १० ते २० टक्के बायकांमध्ये ती कुठलाही त्रास न देता असते आणि तेव्हा तिला औषध लागत नाही. तिची वाढ बेसुमार झाली की त्रास सुरू होतो. आयुष्यात एकदा तरी हा त्रास झालेल्या बायका शंभरात ७५ च्या आसपास धरतात, त्यामुळे ‘मलाच कसं झालं’ हा प्रश्न सोडून द्या. याचा स्वच्छतेशी किंवा चारित्र्याशी संबंध जोडणारी माणसं भेटतील. त्यांचंही सोडून द्या.

यीस्टची ठरावीक लक्षणं अशी: जोराची खाज, बाहेरच्या भागाला लाली आणि सूज, लघवी त्या सोललेल्या कातडीला लागली की आग, संबंधाच्या वेळी दुखणं, आणि घट्ट, पांढरा, दह्याच्या कवडीसारखा स्राव. त्याला फारसा वास नसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो आणि पाळी आली की बऱ्याच जणींना उतार पडतो.

आता याच्यासारखे दिसणारे दुसरे दोघे. स्राव पातळ, राखाडी-पांढरा आणि त्याला माशासारखा वास, खाज मात्र कमी, असं असेल तर बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीमार्गातल्या जिवाणूंचा समतोल बिघडणं. तिथे बुरशीचं औषध काहीही करत नाही. स्राव पिवळा-हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संसर्ग असू शकतो. तो संबंधातून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध घ्यावंच लागतं. शिवाय नव्या साबणाची ॲलर्जी, पॅडमुळे उठलेलं पुरळ, लघवीचा संसर्ग, कातडीचे काही जुनाट आजार हे सगळे ‘खाज आणि जळजळ’ याच वेशात येतात.

स्वतःच्या अंदाजावर किती विसंबावं? अमेरिकेत ९५ बायकांची तपासणी झाली होती. या सगळ्यांनी ‘मला यीस्टच झालंय’ असं स्वतः ठरवून दुकानातून औषध घेतलं होतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फक्त यीस्ट संसर्ग निघाला तो साधारण एक तृतीयांश जणींना. बाकीच्यांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस होता, मिश्र संसर्ग होते, आणि काहींना तर कुठलाच संसर्ग नव्हता. म्हणून पहिल्या वेळी तरी कुणाकडून तपासून घ्याच.

पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव आणि पाळीआधीचा थोडा पांढरट स्राव हे आजार नाहीत. ‘अंगावरून जातं, त्याने हाडं झिजतात, अशक्तपणा येतो’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. हाडं झिजत नाहीत.

२. या वेळी मेडिकलकडे वळायचंच नाही

- त्रास पहिल्यांदाच होतोय
- गरोदर आहात किंवा तशी शक्यता आहे
- ताप, ओटीपोटात दुखणं, रक्त जाणं, घाण वास, फोड किंवा जखमा
- मधुमेह आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत
- सहा महिन्यांत दुसऱ्यांदा झालंय
- मुलगी अजून वयात आलेली नाही, किंवा पाळी कायमची गेलेली आहे

शेवटचा मुद्दा आईच्या आणि सासूबाईंच्या पिढीसाठी महत्त्वाचा आहे. पाळी गेल्यानंतर यीस्टचं प्रमाण कमी होतं. साठीतल्या बाईला सतत खाज येत असेल तर त्यामागे कातडी कोरडी आणि पातळ होणं, मधुमेह किंवा दुसरा त्वचाविकार असू शकतो. ‘या वयात काय दाखवायचं’ म्हणत त्या वर्षानुवर्षं सहन करतात. त्यांना सोबत घेऊन जा.

३. जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा

ओपीडीत मिनिटं मोजकी मिळतात आणि लाजेपायी निम्मं सांगायचं राहतं. कागद पुढे केला की काम सोपं होतं. त्यावर हे हवं:

- शेवटच्या पाळीची तारीख, आणि दिवस गेले असण्याची शक्यता आहे का
- त्रास कधी सुरू झाला. स्रावाचा रंग, घट्टपणा, वास
- गेल्या महिन्याभरात घेतलेली अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडची औषधं
- रोजच्या सगळ्या गोळ्या, गर्भनिरोधकांसह
- शुगरचा शेवटचा रिपोर्ट
- आधी लावलेल्या किंवा घेतलेल्या औषधांच्या पाकिटांचे फोटो

पाकिटाचा फोटो विसरू नका. ‘पांढरी क्रीम होती, निळं झाकण’ यावरून कुणालाच काही कळत नाही.

जाण्याच्या आदल्या रात्री आत काहीही औषध लावू नका आणि आतून धुऊ नका, नाहीतर नमुन्यात बुरशी सापडत नाही.

४. कुठे जायचं

जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं परवडत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सरकारी सोय बऱ्यापैकी आहे, फक्त ती कुठल्या दारामागे आहे ते माहीत नसतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेले आहेत. मेडिकल कॉलेजांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, तिथे केसपेपरचे पैसे पडू शकतात.

जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी शोधा. प्रजनन मार्गाच्या आणि लैंगिक संसर्गांसाठीचं हे केंद्र असतं; तिथे समुपदेशक असतात आणि माहिती गुप्त ठेवतात. पाटी वाचून संकोच वाटतो हे मान्य, पण अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या साध्या गृहिणीही तिथे येतात. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं. आईला कसं सांगू म्हणून गप्प बसलेल्या मुलीला तिथे पाठवता येतं.

५. तपासणीच्या खोलीत

पहिला प्रश्न बहुतेकदा ‘लग्न झालंय का?’ असा येतो. डॉक्टरांना जाणून घ्यायचं असतं ते शारीरिक संबंध आलेले आहेत की नाहीत. उत्तर त्याच प्रश्नाचं द्या, कारण तपासणी कशी करायची आणि कुठले आजार मनात धरायचे हे त्यावर ठरतं. सोबत आलेल्या नातेवाईकासमोर बोलायचं नसेल तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ एवढं म्हणणं पुरतं.

संबंध आलेले नसतील तर आतून तपासणी न करता बाहेरून पाहून आणि कापसाच्या बारीक काडीने स्राव घेऊन काम भागू शकतं. पुरुष डॉक्टर असतील तर नर्सबाई खोलीत असाव्यात, असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. कुणी त्यावर तोंड वाकडं केलं तरी सांगा.

तपासण्या तशा साध्या आहेत. योनीमार्गातली आम्लता पाहणारी कागदी पट्टी असते. यीस्टमध्ये पीएच सहसा ४.५ च्या खालीच राहतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये त्याच्यावर जातो. दुसरी, स्रावाचा थेंब काचेवर घेऊन त्यात केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे आणि कोंब पाहणं. त्रास वारंवार होत असेल तर तिसरी, फंगल कल्चर. तिचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, पण बुरशीची नेमकी जात कळते. ती का कळायला हवी ते शेवटच्या टप्प्यात येईल.

गर्दीच्या ओपीडीत अनेकदा न तपासताच चिठ्ठी लिहिली जाते. तेव्हा ‘स्राव एकदा स्लाइडवर पाहता येईल का?’ असं नम्रपणे विचारा. नेहमीच ऐकून घेतील असं नाही, पण विचारलं की बहुतेक वेळा ऐकतात.

६. औषध: कुठलं आणि कसं

साध्या, पहिल्या-दुसऱ्या संसर्गाला दोन रस्ते आहेत आणि दोन्ही सारखेच चालतात.

एक, योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी किंवा क्रीम. गोळ्या १००, २०० आणि ५०० मिलिग्रॅमच्या येतात. १०० ची साधारण सहा-सात रात्री, ५०० ची एकच रात्र. कुठली घ्यायची हे चिठ्ठीवर असेल. दोन, तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी. सूज आणि चिरा फार असतील तर डॉक्टर हीच गोळी ७२ तासांच्या अंतराने दोन-तीनदा देतात.

गरोदरपणात फ्लुकोनॅझोलची गोळी घ्यायची नाही. तिथे आत लावायचं औषधच देतात, तेही सात दिवस. रक्त पातळ करणारं वॉरफरीन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर फ्लुकोनॅझोलने तिचा परिणाम वाढतो. म्हणून तिसऱ्या टप्प्यातला कागद दाखवा.

आत ठेवायची गोळी दिसायला नेहमीच्या गोळीसारखीच असते आणि मेडिकलवाला लाजेने काही सांगत नाही. परिणामी बायका ती पाण्याबरोबर गिळतात. पाकिटावर ‘व्हजायनल टॅब्लेट’ किंवा ‘पेसरी’ लिहिलंय का ते आधी पाहा.

ठेवायची पद्धत अशी. रात्री, सगळी कामं आटोपल्यावर, हात धुऊन घ्या. गोळी पाण्याच्या थेंबाने जराशी ओली करा. पाठीवर झोपा, गुडघे मोडून थोडे फाकवा, आणि गोळी बोटाने किंवा सोबतच्या ॲप्लिकेटरने जाईल तितकी आत सरकवा. दारापाशी राहिली तर ती विरघळत नाही, सकाळी चुरा बाहेर येतो. गरोदर असाल तर ॲप्लिकेटर वापरू नका, बोटानेच ठेवा. नंतर उठून फिरू नका. सकाळी थोडं पांढरं पाणी येतं ते औषधाचंच असतं. साधा पॅड लावा. पाळी सुरू असताना गोळी धुऊन निघते, त्यामुळे तारखा पाहून सुरू करा. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप या दिवसांत नको. आणि या क्रीम-गोळ्यांनी कंडोमचं रबर कमजोर होतं, तेव्हा त्यावर भरवसा ठेवू नका. खरं तर बरं होईपर्यंत संबंध टाळलेलेच बरे.

खाज एक-दोन दिवसांत कमी होऊ लागते, पूर्ण बरं वाटायला आठवडा जातो. खाज थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका. आणि दोन आठवड्यांतही फरक नसेल तर तीच गोळी पुन्हा आणू नका, आजार ओळखला तो बरोबर होता का हे पुन्हा तपासून घ्या.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा सापळा मात्र निराळाच आहे: ‘खाजेची क्रीम’. एकाच नळीत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड. लावल्या लावल्या खाज थांबते, म्हणून ती घरात सगळ्यांची लाडकी असते. स्टेरॉइडने सूज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय तिथली नाजूक कातडी पातळ होते. नळीवर ‘क्लोबेटासॉल’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘बेक्लोमेथासोन’ हे शब्द असतील तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती तिथे लावायची नाही, शेजारणीला गुण आलेला असला तरीही.

७. औषध चालू असताना घरी

बाहेरून साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. आतून धुण्याची गरज कधीच नसते. ‘इन्टिमेट वॉश’च्या बाटल्यांचीही नाही. डेटॉल, सॅव्हलॉन, कडकडीत पाण्याचा शेक, सुगंधी पावडर, सुगंधी पॅड हे सगळं आगीत तेल आहे. आग फार होत असेल तर गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ सुती कपडा ठेवा. नखं कापा.

सुती चड्डी वापरा, रात्री न घातली तरी चालेल. लेगिंग आणि जीन्स काही दिवस बाजूला. पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि आपण दमट चड्ड्या तशाच चढवतो. आतले कपडे लाजेपायी दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालायची पद्धतही याला हातभार लावते. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा आणि इस्त्री फिरवा.

८. घरगुती उपायांबद्दल

दही खायला हरकत नाही. आत लावायचं नाही. लसणाची पाकळी, कडुनिंबाचा रस, तुरटीचं पाणी, टी ट्री तेल यांनी सोललेल्या कातडीची आग वाढते, आणि बरं होतं याचा भरवशाचा पुरावा नाही. बोरिक ॲसिडबद्दल इंटरनेटवर फार वाचायला मिळतं. काही हट्टी संसर्गांत डॉक्टर ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आत ठेवायला देतात हे खरं आहे, पण ते पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही. कॅरमच्या पटावर टाकतात त्या बोरिक पावडरीचे घरी प्रयोग करू नका.

इडली, ढोकळा, पाव बंद करायचा सल्लाही मिळेल. पावातलं यीस्ट वेगळं आणि हे वेगळं. खुशाल खा.

९. नवऱ्याला औषध हवं का?

सहसा नाही. यीस्ट हा लैंगिक संसर्ग धरला जात नाही, आणि जोडीदाराला सरसकट औषध दिल्याने तुमचा त्रास कमी होत नाही. त्याला स्वतःला शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, पांढरा थर असेल तर मात्र त्याने दाखवावं. आणि त्याची शुगरही तपासावी, कारण पुरुषांतल्या या तक्रारीमागे पुष्कळदा तीच निघते. ‘तुला कुठून आलं’ हा प्रश्न घरात निघालाच तर ही बुरशी बहुतेक जणींना आपल्याच शरीरातून त्रास देते, एवढं सांगा.

१०. पुन्हा पुन्हा होत असेल तर

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. इथे तीच ती गोळी घेत राहणं थांबवून दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची.

पहिला प्रश्न: शुगर किती आहे? एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी करा. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. बऱ्याच बायकांना मधुमेह असल्याचा पहिला इशारा ही खाजच देते. मधुमेह आधीच माहीत असेल तर गोळ्यांची नावं पाहा. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि त्या गोड लघवीवर बुरशी पोसते. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ते आपल्याकडे स्वस्त झालं आणि खूप जणींच्या चिठ्ठीत आलं. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ते उपयोगी आहे, त्यामुळे आपल्या मनाने बंद करू नका. पण शुगरच्या डॉक्टरांना स्त्रीरोगाची तक्रार आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना शुगरची गोळी आपण सांगतच नाही, आणि दोघांनाही दुवा लागत नाही. तो तुम्ही जोडून द्या. याशिवाय वरचेवर घेतलेली अँटिबायोटिक्स, स्टेरॉइड, आणि एचआयव्हीची तपासणी यांबद्दलही विचारणा होईल. त्यात अपमान मानू नका.

दुसरा प्रश्न: बुरशी कुठल्या जातीची? बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स असते आणि फ्लुकोनॅझोलला दाद देते. कॅन्डिडा ग्लॅब्राटासारख्या जाती पुष्कळदा देत नाहीत, म्हणून कल्चर लागतं.

अल्बिकन्स निघाली तर सर्वसाधारण उपचार असा असतो: फ्लुकोनॅझोल १५० ची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि मग आठवड्याला एक अशी सहा महिने. हा कोर्स स्वतःहून सुरू करायचा नाही. यकृताचा आजार, इतर औषधं, दिवस राहण्याचा बेत, सगळं पाहून डॉक्टर ठरवतात. आठवड्याची गोळी विसरायला होते, तेव्हा वार ठरवून घ्या आणि कॅलेंडरवर पाळीच्या खुणेशेजारी तिचीही खूण करा. कोर्स संपल्यावर काही जणींना काही महिन्यांत पुन्हा त्रास सुरू होतो. तसं झालं तर नव्या डॉक्टरांपासून सुरुवात न करता कल्चरचा जुना रिपोर्ट, एचबीएवनसीचे आकडे आणि ते कॅलेंडर घेऊन आधीच्याच डॉक्टरांकडे जा.